अडीच फुटांचं दार

१

दार घासायला लागलं की लोक सुताराला बोलावतात. दार घासायचं थांबलं म्हणून मला बोलावणाऱ्या बाई एकट्याच.

बाई म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाच्या घरात राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका. तीस वर्षं शाळा चालवलेली. गल्लीतल्या निम्म्या लोकांना अजूनही त्या समोर आल्या की हात मागे बांधून उभं राहावंसं वाटायचं, मलासुद्धा. त्यांच्या झोपायच्या खोलीचं दार मीच केलं होतं, बारा वर्षांपूर्वी. लाकूड जरा ओलं निघालं आणि दार खालच्या कोपऱ्यात फरशीला घासायला लागलं. दोनदा जाऊन रंधा मारला, तरी घासायचं ते घासायचंच. शेवटी बाईच म्हणाल्या, "राहू दे रे. एकटं राहणाऱ्या माणसाला बरं असतं. कुणी दार उघडलं तर कळतं तरी."

त्या शनिवारी सकाळी त्यांनी निरोप धाडला. मी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो.

"काय झालं दाराला?"

"काही होत नाही, हेच झालंय. उघडून बघ."

मी दार ढकललं. आवाज न करता ते गपकन मागे गेलं. नवीन बिजागरीचं दारसुद्धा जरा कुरकुरतं, हे तेवढंही नाही. मी खाली वाकून पाहिलं. बारा वर्षं घासून घासून फरशीवर अर्ध्या गोलासारखा ओरखडा उमटला होता, तो जागेवर होता. पण दाराचा कोपरा आता त्या ओरखड्यावरून फिरत नव्हता. चांगला तीन बोटं बाहेरून फिरत होता.

"लाकूड सुकलं असेल," मी म्हणालो.

"सुकलं की लाकूड आखडतं ना?"

"आखडतं."

"मग?"

मुख्याध्यापिकेसमोर उत्तर आलं नाही की माणूस जमिनीकडे बघतो. मी जमिनीकडेच बघत होतो.

२

टेप लावला. दाराची रुंदी तेहतीस इंच भरली.

अडीच फुटांपेक्षा मोठं दार मी त्या गल्लीत एकाही घरात केलेलं नाही. खोल्याच तेवढ्या लहान. अडीच फूट म्हणजे तीस इंच. घरी माझी एक जाडी वही आहे, प्रत्येक घराची मापं त्यात लिहिलेली असतात. जाऊन पान काढलं. बाई, झोपायची खोली, तीस. पेन्सिलीने दोनदा गिरवलेलं.

माझा टेप जुना होता. चुकीचं दाखवत असेल म्हणून मी वडिलांची घडीची लाकडी पट्टी घेऊन परत गेलो. लाकडी पट्टी फसवत नाही. तीही तेहतीसच म्हणाली. मग कुणीतरी दार बदललं असणार. पण वरच्या फळीत माशाच्या डोळ्यासारखी एक गाठ होती, ती मला चांगली आठवत होती, कारण तिच्यावर माझी पटाशी तुटली होती. गाठ तिथेच होती. फक्त गोल होती ती आता आडवी, लांबट झाली होती. नवा तुकडा जोडला असता तर सांधा दिसला असता. मी नखाने चाचपून पाहिलं. सांधा नव्हता.

"मी तेव्हा चुकीचं लिहिलं असेल," मी बाईंना सांगितलं.

"तू चुकतोस," बाई म्हणाल्या, "पण मापात नाही."

ते कौतुक होतं, तरी मला ते ऐकून बरं वाटलं नाही. बाईंच्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागूनच हॉस्पिटलचं कुंपण होतं.

त्या हॉस्पिटलचं सांगायला हवं. मी लहान असताना ती दोन मजल्यांची इमारत होती, लांब, पटांगणापलीकडे. मग त्यांनी पटांगण घेतलं. मग पटांगणाच्या कडेचा छापखाना घेतला. आता आमची अकरा घरं राहिली होती आणि त्यांना तिथे नवा कक्ष काढायचा होता. गेले चार महिने दर सोमवारी अकरा वाजता त्यांच्या तळमजल्यावरच्या खोलीत बैठक व्हायची. आमच्याकडून तिघं जायचो: बाई, माझ्या शेजारचा इस्त्रीवाला आणि मी. काहीही ठरलं तरी तिघांच्या सह्या लागतील, असं बाईंनी पहिल्याच दिवशी त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं.

त्यांच्याकडून एकच माणूस यायचा. मऊ बोलायचा, मऊ हसायचा. चार महिन्यांत त्याला आम्ही काय काय बोललो, पण त्याचा आवाज एकदाही चढला नाही. माझी बायको म्हणायची, "एवढं गोड बोलणाऱ्याच्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नये." तिनेच त्याचं नाव गोड्या ठेवलं.

३

सोमवारी बाई बसल्या बसल्याच सुरू झाल्या.

"हे बघा, तुम्हाला आमची घरं हवीत आणि आम्हाला ती द्यायची नाहीत. यात चर्चा कसली?"

"चर्चा झालीच पाहिजे, बाई," गोड्या म्हणाला. "आपण शेजारी आहोत."

"शेजारी भिंतीपलीकडे राहतात. तुम्ही भिंत घेऊन पुढे सरकता."

गोड्या हसला आणि टेबलावर नवा नकाशा पसरला. इस्त्रीवाल्याने तो बघून न बघितल्यासारखं केलं, त्याला नकाशातलं कळत नसे. मला कळतं. मी आमच्या गल्लीवर बोट ठेवलं. अकराच्या अकरा घरं काढलेली होती, खोल्यांसकट, ओट्यासकट. माझ्या घरात बायकोचं शिवणयंत्र खिडकीशी असतं, तिथे एक छोटा चौकोनसुद्धा होता. आणि प्रत्येक दाराशेजारी रुंदी लिहिलेली होती. चार फूट. चार फूट. चार फूट.

"ही दारं चार फुटांची का दाखवलीत?"

"आहेत तशीच दाखवलीत."

"आमची दारं अडीच फुटांची आहेत. मी केलीत."

"मोजणी झाली आहे, मिस्त्री."

"कधी? कुणी घेतलं तुम्हाला घरात?" माझा आवाज वाढला. "माझ्या घरात कुणी मोजायला आलेलं नाही. बाईंच्या नाही. याच्या नाही. काय रे?"

इस्त्रीवाला कानाची पाळी ओढत बसला.

चार फुटी दार घरात कुणी करत नाही. मी तसली दारं आयुष्यात एकदाच केलीत, एका लहान दवाखान्यासाठी. झोपलेल्या माणसाला खाटेसकट आत न्यायचं असेल तर तेवढी रुंदी लागते. आणि खाली उंबरठा चालत नाही. चाकं अडतात.

गोड्याने नकाशाची घडी घातली. सावकाश, कोपऱ्याला कोपरा लावून.

"आम्ही एक प्रस्ताव आणलाय," तो म्हणाला. "आम्ही एकही घर पाडणार नाही. गल्ली आहे तशी राहील. कुणी कुठे जायचं नाही. लेखी देतो."

चार महिने आम्ही हेच मागत होतो. इस्त्रीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई मात्र गोड्याकडे नुसत्या बघत राहिल्या, कॉपी केलेल्या पेपराकडे बघतात तशा.

"आणि तुमचा नवा कक्ष?" त्यांनी विचारलं.

"त्याची काळजी तुम्ही नका करू."

"ती कुणी करायची?"

"पुढच्या सोमवारी सह्या करू," गोड्या म्हणाला.

४

गल्लीत बातमी पोचली आणि लोकांनी आम्हाला डोक्यावर घेतलं. बाईंचं तोंड तेवढं वाकडं. गल्लीतच राहणारा पोस्टमन तर म्हणाला, "बाईंना भांडायची सवय लागलीय. आता भांडण संपलं तर करमायचं नाही त्यांना." मीही हसलो. का हसलो, देव जाणे.

मंगळवारी मी वही घेऊन निघालो. काहीतरी निमित्त काढून घराघरांत शिरायचो आणि टेप लावायचो. पोस्टमनचं दार पस्तीस इंच. त्याच्या समोरचं छत्तीस. इस्त्रीवाल्याचं चाळीस. उंबरठे झिजले होते. लाकडाचा उंबरठा पाय पडून मधे झिजतो, आपल्या ताटासारखा खोलगट होतो. हे उंबरठे सगळीकडून सारखे खाली गेले होते, कुणी बसून किसल्यासारखे. आणि फरशी जिथे भिंतीला मिळते तिथला कोपरा गोल झाला होता. झाडायला सोपा, हॉस्पिटलात असतो तसा.

त्याहून वेगळी गोष्ट लक्षात यायला मला दोन दिवस लागले. दुपारी गल्लीत आवाजच नव्हता. आमची गल्ली कामकऱ्यांची. दुपारी दोनला तिथे भांडी, रेडिओ, शिव्या, सगळं एकदम चालू असायचं. बुधवारी दोन वाजता मी ओट्यावर उभा राहिलो तर माझ्या बायकोच्या शिवणयंत्राखेरीज काही ऐकू येईना. मधूनच एक बारीक आवाज यायचा. सर्र, टक. सर्र, टक. ओळखीचा वाटला, पण नाव आठवेना.

मी इस्त्रीवाल्याकडे डोकावलो. हा माणूस दिवसाचे बारा तास उभा असायचा. त्याच्या टाचा त्यामुळे फुटून गेलेल्या. तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"बरं नाही का?"

"बरंय की. जरा आडवा झालोय."

"इस्त्रीचे कपडे नाही आले?"

"येतात ना. चादरी येतात." तो तसाच, तोंड न वळवता बोलत होता. टेबलावर पांढऱ्या चादरींचा ढीग होता, कडेला कड लावून. एक चादर त्याच्या अंगाखाली होती.

"दार बघितलंस का तुझं? चाळीस इंच झालंय."

"मोठं झालंय. हवा येते."

"उंबरठा गेलाय तुझा!"

"म्हातारपणी ठेच लागत नाही. तुला कशाला त्रास, मिस्त्री? घर वाचलं ना? सही केली की झालं. मी तर करून पण टाकली."

"आज? सोमवारी करायची होती ना?"

"तो घरीच आला होता. मला उठावं लागू नये म्हणून."

५

मी घरी आलो, फळ्यांच्या ढिगातून सागाची पट्टी काढली आणि आमच्या आतल्या दाराच्या चौकटीवर ठोकली. आमचं तेव्हा चौतीस झालं होतं. पट्टी ठोकून मी ते परत तीसवर आणलं. खाली नवा उंबरठा बसवला, चांगला दोन इंच उंच. बारा खिळे मारले, तीन तीन इंचांचे.

बायको यंत्रावरून बघत होती.

"हे काय चाललंय?"

"दार बारीक करतोय."

"का?"

काय सांगणार? मी म्हटलं, "वारा येतो."

"उन्हाळ्यात वारा येतो म्हणून दार बारीक करणारे तुम्हीच," ती म्हणाली आणि परत पाय चालवायला लागली.

सकाळी उठलो तर पट्टी भिंतीला टेकवून उभी केलेली. उंबरठा तिच्या शेजारी. आणि बारा खिळे फरशीवर ओळीने मांडलेले, टोकं एका बाजूला. तीन इंचांचा खिळा उपटला की वाकतोच. तो न वाकवता काढणारा सुतार मी अजून पाहिलेला नाही. हे बाराही सरळ होते.

बायकोला विचारलं. ती म्हणाली, "मी कशाला काढू? तुमची कामं तुमच्यापाशी." खरं बोलत होती, मला तिचं खोटं कळतं. चौकट मोजली तर छत्तीस भरली.

शुक्रवारी दुपारी मी पोस्टमनच्या दारावर पट्टी ठोकायला गेलो. तो खाटेवरून उठलाही नाही, पडल्या पडल्याच ओरडला, "माझ्या घराला हात लावू नकोस! तुला बघवत नाही आमचं बरं झालेलं." त्याची बायको आतून म्हणाली, "हाकला हो त्याला. डोळा लागत होता." दोन घरं पुढे एकीने माझ्या अंगावर चपलाच फेकल्या, त्याही झोपूनच. चाळीस वर्षं मी ज्यांची दारं केली ते लोक माझ्याकडे असे बघत होते, जसं काही मीच भिंत घेऊन पुढे सरकतोय.

परत घराशी आलो आणि थबकलो. यंत्राचा आवाज नव्हता.

बायको खाटेवर पडली होती, भिंतीकडे तोंड करून.

"ऊठ," मी म्हणालो.

"जरा पाठ टेकलेय."

"तू दुपारची कधी झोपतेस? ऊठ म्हणतो ना!"

ती ताडकन उठून बसली. "पंचवीस वर्षं राबतेय मी या घरात. दहा मिनिटं आडवी झाले तर तुमचं काय बिघडलं? कुणी तरी विचारलं का मला इतक्या वर्षांत, दमलीस का म्हणून?"

"आता कुणी विचारलं?"

ती क्षणभर गोंधळली. "कुणी नाही," ती म्हणाली. आणि ते खोटं होतं.

६

रविवारी बाईंनी आणि मी ठरवलं की सही करायची नाही. बाई ताठ बसल्या होत्या खुर्चीत. त्यांनी खाट उभी करून ठेवली होती आणि चार दिवस खुर्चीतच झोपत होत्या.

"एवढं सहज कुणी मागे हटत नाही," त्या म्हणाल्या. "मी नाही म्हणेन. तू नाही म्हण. दोन सह्या नसल्या की कागद रद्दी. सोमवारी साडेदहाला मला घ्यायला ये. आणि बायकोला जप."

"तुम्ही आमच्याकडेच चला आज."

"मी माझ्या घरातून पळू? त्यापेक्षा सहीच का करू नये मग?"

सोमवारी निघताना बायको यंत्रावर होती. मी तिला तीनदा बजावलं, मी येईपर्यंत उठायचं नाही. ती म्हणाली, "उठायचं नाही, झोपायचं नाही. आणखी काय?" बोटात सुई टोचू नये म्हणून घातलेलं अंगुस्तान, पाय पायडलवर. मी ते नीट बघून ठेवलं आणि निघालो.

बाईंचं बाहेरचं दार उघडं होतं. आत हाक मारली. उत्तर नाही. चपला जागेवर, चष्मा टेबलावर. झोपायच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं. सवयीने टेप लावला. अठ्ठेचाळीस. सवयीनेच मी उंबरठा ओलांडायला पाय उचलला, आणि उंबरठा नव्हता म्हणून पाय दाणकन खाली आला. तो दणका माझ्या दातांपर्यंत गेला.

फिनेलचा वास होता. बाईंची खाट आडवी मांडलेली होती, बाई तिच्यावर. पलीकडे त्यांचं कपाट. मग खिडकी, चौकडीचा हिरवा पडदा, खालचा कोपरा शिवलेला. मग परत खिडकी. चौकडीचा हिरवा पडदा, खालचा कोपरा शिवलेला. मग परत.

ती खोली दहा फुटांची होती. दहा फुटांनंतर भिंत, भिंतीनंतर हॉस्पिटलचं कुंपण. मी सात खिडक्या मोजल्या आणि पुढे मोजायचं सोडून दिलं. खिडक्यांखाली खाटा होत्या, ओळीने. हॉस्पिटलच्या नव्हेत. आमच्याच. इस्त्रीवाल्याची लोखंडी, पोस्टमनची घडीची, मीच पाय बदलून दिलेली एक जुनी शिसवी. प्रत्येकीवर पांढरी चादर आणि चादरीखाली कुणीतरी भिंतीकडे तोंड करून. इस्त्रीवाला मला टाचांवरून ओळखू आला.

सर्र, टक.

तेव्हा मला त्या आवाजाचं नाव आठवलं. मी तो दिवसातून शंभरदा करतो. टेप ओढला की सर्र, सोडला की टक.

खूप आत, उजेड जिथे फिका होत जात होता तिथे, कुणीतरी खाटेवर वाकलेलं होतं. पाठमोरं. डोक्यापासून टाचेपर्यंत माप घेत होतं. सर्र. मग टक. मग पुढच्या खाटेकडे सरकलं, पण सरळ न होता, तसंच वाकलेलं. मी त्याच्याकडे तेवढंच पाहिलं.

"आलास?" बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे उघडे होते. "किती वाजले?"

"साडेदहा. उठा, चला."

"उठवत नाही रे. हात दे."

मी हात धरला आणि ओढलं. बाई अंगाने चिमणीएवढ्या. जड लागल्या नाहीत, पण पावसाळ्यात चौकटीत फुगून बसलेलं दार जसं इकडे ना तिकडे, तशा हलेचनात. मी पाय रोवला आणि परत ओढणार, तेवढ्यात आतून खोकला ऐकू आला.

माझ्या बायकोचा. सुती कापडाचे तंतू घशात जातात, त्याचा कोरडा खोकला. आमचं घर तिथून सहा घरं लांब.

"बाई, आलोच," मी म्हणालो.

बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हात सोडला. "लवकर ये," त्या म्हणाल्या.

बायको नवव्या खिडकीखाली होती, आमच्या खाटेवर. बोटात अंगुस्तान तसंच. मी म्हणालो, "ऊठ." ती म्हणाली, "दहा मिनिटं." मी वाद घातला नाही. फळी उचलतो तशी तिला खांद्यावर घेतली आणि वळलो. चादर अजून तिच्या अंगाला चिकटली नव्हती, एवढंच मी सांगू शकतो. मागे सर्र झालं, अगदी जवळ. टक झालं नाही.

मी पळत नव्हतो. पळावं असं पायांना वाटत नव्हतं, त्यांना बसावं असं वाटत होतं. बाईंच्या खाटेजवळून जाताना बायको क्षणभर कशाला तरी अडकली. मग सुटली. बाई काहीतरी म्हणाल्या. मी मागे पाहिलं नाही.

७

बाहेर लख्ख ऊन होतं. गोड्या कचरापेटीशेजारी फाईल घेऊन उभा होता. त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"मिस्त्री, अकरा वाजून गेले."

मी बायकोला ओट्यावर बसवलं. तिचे डोळे उघडे होते, पण ती कुठे बघत होती ते कळत नव्हतं. मी गोड्याची कॉलर धरली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाची तरी.

"बाईंना सोडा."

"बाईंना कुणी धरलंय?" त्याचा आवाज तेवढाच मऊ. "त्या त्यांच्या घरात आहेत. घर सोडायचं नाही, हे तुम्हीच म्हणत होतात ना? चार महिने?"

"आत काय आहे ते?"

"तुमची गल्ली. एकही वीट हलवलेली नाही, मोजून घ्या." मग त्याने माझ्या बायकोकडे पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत, सावकाश. "तुम्हाला दोघांना जायचंय का? जा की. एवढी सही करा आणि जा. नाही केलीत तर चर्चा चालू राहील. तुम्हाला इथेच राहावं लागेल, दर सोमवारी यावं लागेल. आणि ह्या फार दमलेल्या दिसतायत."

मी कॉलर सोडली. त्याने फाईल उघडली. इस्त्रीवाल्याची सही होती, थरथरलेली. खाली माझं नाव. मी सही केली.

"बाईंच्या नावापुढे पण करा," गोड्या म्हणाला. "त्यांच्या वतीने. त्यांना उठवत नाही ना."

मी त्याच्याकडे पाहिलं. मग ओट्यावर पाहिलं. बायकोची मान एका बाजूला कलत होती. कलत कलत तिचं डोकं ओट्याच्या कडेकडे चाललं होतं, आडवं व्हायला.

मी तीही सही केली.

८

आता आम्ही दुसऱ्या गावात राहतो. एक खोली आहे भाड्याची, दार सव्वादोन फुटांचं, आत शिरताना खांदा तिरका करावा लागतो. मला आवडतं. मी ते रोज मोजतो.

मी गप्प बसलो नाही, हेही सांगतो. तक्रार केली. एक अधिकारी खरंच जाऊन आला आणि त्याने मला बोलावून झापलं. अकरा घरं उभी आहेत, लोक आपापल्या घरात आहेत, कुणाचीही काही तक्रार नाही, असं म्हणाला. इस्त्रीवाल्याची मुलगी लग्न होऊन लांब असते, तिला फोन केला. "बाबा मजेत आहेत हो," ती म्हणाली. "फोनवर बोलतात की रोज. दुपारचे जरा आडवे असतात, एवढंच." मी तिला जाऊ नको म्हणालो. तिने फोन ठेवला.

बायकोला त्या दिवसाचं काही आठवत नाही असं मी धरून चाललो होतो. तिने विचारलं तेव्हा मी सांगितलं की बाई भाचीकडे राहायला गेल्या. ती "बरं झालं" म्हणाली. त्यावर वर्ष गेलं. ती दिवसाची कधी पडत नाही आता. ताप आला तरी भिंतीला टेकून बसते.

परवा दुपारी मी एका चौकटीला पॉलिश करत होतो. यंत्र चालू होतं. ते थांबलं, आणि माझ्या हातातला बोळा खाली पडला. पण ती बसलेलीच होती.

"बाई भाचीकडे गेल्या असं तुम्ही म्हणता," ती म्हणाली. "मी हो म्हणते."

मी बोळा उचलला.

"तुम्ही मला खांद्यावर घेऊन चालला होतात ना, तेव्हा बाईंनी माझं मनगट धरलं. घट्ट. मी त्यांची बोटं सोडवली. एकेक करून. पाहिलंत तुम्ही?"

"नाही," मी म्हणालो. "माझी पाठ होती."

"त्या ओरडल्या नाहीत. वर्गात मागच्या बाकावरचं लेकरू विचारतं तसं विचारलं त्यांनी, 'मी पण येऊ?' ते तरी ऐकलंत ना?"

पॉलिशचा वास खोलीभर झाला होता. मी चौकटीकडे बघत होतो.

"नाही," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. माझं खोटं तिला कळतं.

"मीही नाही ऐकलं," ती म्हणाली, आणि तिने यंत्र चालू केलं.